आमचे जबलपूर : काही आठवणी, थोडा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘आपल्या गावाविषयी’ काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली आणि ‘आपले गाव’ या दोन शब्दांपाशीच आमची लेखणी अडखळली. मंडळाच्या सभासदत्वाच्या पत्रकात ‘मूळ गाव’ असा एक रकाना असतो. त्यात आमच्या आजोबांनी ‘भंडारा’ असे लिहिले, वडिलांनी तेच लिहिले, आणि वडिलांचे पाहून आम्हीही तेच लिहीत आलो. वस्तुतः भंडाऱ्यास आमच्या साऱ्या आयुष्यातले मिळून दोन महिनेही गेलेले नाहीत. ज्या गावात आमचा जन्म झाला, जेथे आम्ही शिकलो, नोकरीस लागलो आणि आता सेवानिवृत्तीच्या उंबरठ्याशी येऊन ठेपलो, ते जबलपूर त्या रकान्यात कधीच आले नाही. हे असे का झाले, याचा शोध घेण्याचा हा एक अल्पसा प्रयत्न आहे. आम्ही इतिहासकार नाही. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेले एक सरकारी नोकर आहोत. तरी वाचकांनी अधिकउणे पदरात घ्यावे.

आमचे बालपण राइट टाउनमधील एका भाड्याच्या कौलारू घरात गेले. ‘राइट’ म्हणजे उजवे, एवढे इंग्रजी आम्हांला तिसरीत येऊ लागले होते. त्यामुळे गावात कोठे तरी ‘लेफ्ट टाउन’ही असणार, अशी आमची पक्की समजूत होती, आणि एका रविवारी थोरल्या बहिणीचे बोट धरून आम्ही ते शोधावयासही निघालो होतो. शोधता शोधता नेपियर टाउन लागले, रसेल चौक लागला, नौदरा पूल लागला. लेफ्ट टाउन काही लागले नाही. संध्याकाळी बाबांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “अरे, राइट हे साहेबाचे नाव.” “कोण साहेब?” “होता कोणी तरी.”

पुढे आमच्या ध्यानात आले, की या गावाचा निम्मा नकाशा अशा ‘होता कोणी तरी’च्या नावांनीच भरलेला आहे. मिलौनीगंज हे नाव कानाला किती देशी वाटते! पण त्याच्या मुळाशी मोलोनी नावाचा, इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या काळातला एक अंमलदार आहे. गावकऱ्यांच्या जिभेने त्याला घासूनपुसून आपलासा करून घेतला. लॉर्डगंजातल्या दुकानदारालाही आपण रोज कोणा ‘लॉर्डा’चे नाव घेतो, याची आठवण नसते. रेल्वेमार्गाच्या एका अंगास हनुमानताल, अंधेरदेव आणि कमानिया फाटकाभोवतीची दाट वस्ती, आणि दुसऱ्या अंगास सिव्हिल लाइन्स व छावणीचे रुंद, सावलीचे रस्ते, अशी ही दोन गावे एकाच नावाखाली नांदत होती. छावणीच्या सदर बाजारात आजीबरोबर लोकर आणावयास गेलो, की १८४४ साली बांधलेल्या क्राइस्ट चर्चच्या आवारापाशी आमची पावले रेंगाळत. विलायतेतले एखादे खेडे कसे असेल, याची आमची सारी कल्पना त्या एका आवारावर बेतलेली होती.

इंग्रज येथे आला तो १८१७ च्या डिसेंबरात. जनरल हार्डिमनच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव करून जबलपूर घेतले, आणि १८२० पासून हा मुलूख ‘सागर-नर्मदा प्रदेश’ म्हणून कंपनी सरकारच्या अमलाखाली चालू लागला. या अमलाचे दोन चेहरे आम्हांला याच गावात पाहावयास मिळतात. एक चेहरा विल्यम स्लीमनचा. ठगांचा बंदोबस्त करणारा हा अधिकारी येथे राहिला. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना व त्यांच्या मुलाबाळांना तंबू आणि सतरंज्या विणण्यास शिकविणारी उद्योगशाळाही येथेच निघाली. कटनीजवळचे स्लीमनाबाद आजही त्याचे नाव चालवीत आहे. याच स्लीमनला १८२८ साली बडा शिमला टेकडीवर काही अश्मीभूत हाडे सापडली. १८७७ मध्ये लिडेकर या शास्त्रज्ञाने या भागातील अशाच हाडांवरून ‘टायटॅनोसॉरस’ या महाकाय प्राण्याचे नामकरण केले. ज्या टेकडीवर आम्ही पतंग उडविले आणि गुडघे फोडून घेतले, तिच्या पोटात एवढे प्राचीन वैभव आहे, हे आम्हांला कोणीही सांगितले नव्हते.

दुसरा चेहरा मात्र भीषण आहे. १८ सप्टेंबर १८५७ रोजी गढा-मंडल्याच्या गोंड राजवंशातील वृद्ध राजे शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह या दोघांना याच गावात तोफेच्या तोंडी देण्यात आले. बंडाचा कट केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. ते राज्य तर केव्हाच गेले होते. इंग्रजांना त्या राज्याचे नावही सोसवले नाही. ‘साहेबाने शिस्त लावली’ असे म्हणण्याची आपल्या वडीलधाऱ्यांना सवय होती. ती शिस्त कशाच्या जोरावर उभी होती, हे या एका तारखेवरून कळते.

परंतु ते राज्य गेले कसे, हा प्रश्न विचारला, की बोट आपल्याकडे वळते, आणि येथे एक शाळेतली आठवण सांगणे प्राप्त आहे. १९८३ साली जबलपूर विद्यापीठास राणी दुर्गावतीचे नाव देण्यात आले. आम्ही तेव्हा सातवीत होतो. त्या निमित्ताने आमच्या गुरुजींनी वर्गात स्थानिक इतिहासाचा विषय काढला. मोगल सरदार आसफखानाशी लढताना २४ जून १५६४ रोजी राणीने देह कसा ठेवला, हे सांगून त्यांनी विचारले, “त्यानंतर येथे कोणाकोणाचे राज्य झाले?” आम्ही मोठ्या तोऱ्यात उभे राहून उत्तरलो, “मराठ्यांचे! आमचे!” गुरुजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बरोबर आहे, बेटा. पण मग हेही शोधून काढ, की तुमच्या लोकांनी हे राज्य घेतले कोणापासून, आणि जाताना येथे ठेवले काय?” मागच्या बाकावर मंडला जिल्ह्यातून आलेला आमचा एक गोंड वर्गमित्र बसत असे. तो काही बोलला नाही. तो काही बोलला नाही, हेच आमच्या लक्षात राहिले.

गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांतून सहज मिळाले. १७८१ साली सागरच्या मराठी सुभेदारांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले. शेवटचा गोंड राजा नरहरशाह त्यांच्या कैदेत खुरईच्या किल्ल्यात मरण पावला. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरच्या रघूजी भोसल्यांना दिला, आणि पुढची जेमतेम एकोणीस वर्षे तो त्यांच्याकडे राहिला. म्हणजे उण्यापुऱ्या छत्तीस वर्षांचा हा मराठी अंमल. इंग्रज लेखकांनी तो केवळ वसुलीचा अंमल म्हणून रंगविला आहे. पराभूताचे चित्र विजेत्याने काढलेले असते, हे ध्यानात घेऊन त्यातला काही रंग खरवडून टाकला, तरीही खाली फारसे मंगल चित्र उरत नाही. शंकरशाह हे त्याच राजवंशातले. तोफ इंग्रजांनी डागली. पण सिंहासन त्याआधी आपल्याच लोकांनी काढून घेतले होते. शिवरायांच्या नावाने ज्यांची छाती फुगते, अशा आपणा सर्वांस हे वाचताना थोडा संकोच वाटेल. वाटावयास हवा. तो संकोच आपण मुलांपासून दडवून ठेवला, तर त्यांस आपण इतिहास देत नसून नुसती आरती देत आहोत.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता : ठेवले काय? त्याचे उत्तर सापडण्यास आम्हांला बरीच वर्षे लागली, आणि ते राज्यकर्त्यांत नव्हे, तर त्यांच्यामागून आलेल्या साध्या माणसांत सापडले. ही माणसे तलवार घेऊन आली नाहीत. लेखणी, हातोडा आणि ट्रंक घेऊन आली. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ मध्ये अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरास पोहोचली, १८७० च्या मार्चमध्ये इटारसीकडून जी. आय. पी. रेल्वे येऊन तिला मिळाली, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन टोके येथे जोडली गेली. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी निघाली. कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे, कारखाना, शाळा या सर्वांना लिहिणारे, मोजणारे, शिकविणारे लोक हवे होते, आणि एकाच प्रांतात असल्यामुळे नागपूर, वर्धा, भंडारा येथील माणूस बदलीवर जबलपुरास येई, तो आपल्याच अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात आल्यासारखा.

अशा माणसांनी काय ठेवले, त्याचे एकच उदाहरण देतो. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातील पथरिया गावचा. घरची भाषा मराठी. पण आयुष्य वाहिले ते हिंदीला. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांचा. १९२० साली जबलपुरातून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. त्याच्या उभारणीत सप्रे होते आणि संपादक होते माखनलाल चतुर्वेदी. पुढे १९२३ मध्ये ज्या जबलपुरात झेंडा सत्याग्रहाची ठिणगी पडली आणि तेथून ती नागपुरास गेली, त्या जबलपूरचे मन घडविण्यात अशा पत्रांचा वाटा होता. लोकमान्यांचे नाव धारण करणारी ‘तिलकभूमी तलैया’ तर आजही भर गावात आहे. गावाच्या नकाशावर आमचाही एक ठसा आहे, तो हा; आणि तो राज्यकर्त्याचा नाही, हे विशेष.

आमचे आजोबा भंडाऱ्याहून जबलपूरच्या न्यायालयात कारकून म्हणून आले ते १९३८ साली. पुढच्याच वर्षी, मार्च १९३९ मध्ये, जवळच त्रिपुरी येथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. आजोबा सरकारी नोकर, त्यामुळे त्यांनी दारे लावून घेतली. आजी मात्र शेजारच्या बायकांबरोबर, दोन वर्षांच्या आमच्या वडिलांना कडेवर घेऊन, मिरवणूक पाहून आली. “बावन्न हत्ती होते हो!” असे ती अखेरपर्यंत सांगे, आणि मग हळूच पुस्ती जोडी, “पण सुभाषबाबू नव्हते. आजारी होते. रथात त्यांची तसबीर होती.” त्या दिवशी रात्री आजोबा तिच्याशी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच विचारले, “हत्ती खरोखर बावन्न होते काय?”

आता १ नोव्हेंबर १९५६. या तारखेला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय नागपूरहून जबलपुरास आले. ज्या दिवशी नागपूरचे न्यायालय जबलपूरकडे निघाले, त्याच सुमारास जबलपूरची कित्येक मराठी बिऱ्हाडे नागपूरकडे निघाली होती, हा केवढा विलक्षण योग! सरकारी नोकरांची दोन राज्यांत वाटणी व्हावयाची होती, आणि घरोघर एकच चर्चा होती : जावयाचे की राहावयाचे? आजोबा राहिले. आपण परप्रांतात राहतो, असे आम्हांला लहानपणापासून ऐकविण्यात आले. विचार करता वाटते, की आमच्या घरातले कोणीही परप्रांतात गेले नाही. आम्ही होतो तेथेच होतो. प्रांतच आमच्या पायांखालून सरकला.

तो किती सरकला, हे उन्हाळ्याच्या सुटीत कळे. हाऊबागच्या स्थानकावरून अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुटे. १९०५ च्या सुमारास बांधलेला तो मार्ग बरगी, नैनपूर, बालाघाट करीत साल-सागवानाच्या रानांतून गोंदियास जाई. आजी दशम्या आणि लोणच्याची बरणी घेऊन बसे, आणि गाडी चढावर इतकी मंदावे, की आम्ही भावंडे उतरून तिच्याबरोबर चालण्याच्या पैजा मारीत असू. गोंदियास मोठी गाडी मिळे, फलाटावर मराठी कानी पडे, आणि आजी दर वर्षी न चुकता म्हणे, “आले बाई घर!” भंडाऱ्यास मात्र चुलतभाऊ आमच्या मराठीला हसत. आम्ही ‘काय बड्डे’ म्हटले, की त्यांची हसून पुरेवाट होई. जबलपूरच्या बोलीतला हा ‘काय’ बुंदेलीतला आहे. तो मराठी ‘काय’चाच जुळा भाऊ वाटतो, पण भंडाऱ्यात त्याला कोणी ओळख देईना. महिनाभराने परतताना हाऊबागच्या फलाटावर हमालाने “काय बड्डे, आ गए?” म्हटले, की आता मात्र आपण घरी आलो, असे आम्हांस वाटे, ते आजीला कधी सांगितले नाही.

बाबा १९५८ साली गन कॅरेज फॅक्टरीत लागले. कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घराची घड्याळे लागत. मंडळ स्थापन झाले, तेव्हा बाबा खुर्च्या मांडणाऱ्यांत होते आणि आम्ही त्या खुर्च्यांखाली लपणाऱ्यांत. गणेशोत्सवातले पहिले नाटक, कोजागिरीचे आटवलेले दूध, ग्रंथालयात दिवाळी अंकांसाठी लागणारी रांग, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि त्यातही तिळगुळाशेजारी हमखास येणारी खव्याची जिलबी, हे सारे आमच्या पिढीने मंडळात अनुभवले. आमच्या मराठीला व्याकरण शाळेने दिले नाही, ते या मंडळाने दिले.

२२ मे १९९७ रोजी पहाटे चारच्या पुढे भूकंप झाला. गावात अनेकांचे प्राण गेले, हजारो घरे मोडली. आमच्या राइट टाउनच्या घराची मागील भिंत उभी चिरली आणि ते घर सोडावे लागले. सामान आवरताना आजोबांच्या लोखंडी पेटीत १९५६ सालची दोन पत्रे हाती लागली. एक त्यांच्या धाकट्या बंधूंचे, नागपूरहून आलेले : ‘तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार’ घालून त्यांनी लिहिले होते, की इकडे सर्व आपले लोक आहेत, बदलीचा अर्ज करावा. दुसरी होती आजोबांच्या उत्तराची नक्कल. आशीर्वादानंतर त्यात मोजून चार ओळी : मुलगा येथे कॉलेजात आहे, घरमालक भला आहे, आईचे अंत्यसंस्कार आम्ही येथे ग्वारीघाटी केले, तिला येथे एकटी टाकून कसा येऊ? राष्ट्र, भाषा, प्रांत यांतील एकही शब्द त्या पत्रात नव्हता. आम्ही भिंतीच्या त्या चिरेपाशी उभे राहून ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले. आमच्या जबलपूरकर असण्याचे कारण आम्हांला तेव्हा, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, प्रथम कळले.

आज राइट टाउनच्या त्या जागी बहुमजली इमारत आहे. छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि त्या मार्गावर आता रुंद रूळ आले आहेत. बाबांचा कारखाना २०२१ पासून सरकारी कंपनीच्या रूपाने चालतो. आमची दोन्ही मुले पुण्यास नोकरीत आहेत, आणि “आता निवृत्त झालात की इकडेच या, इकडे सगळे आपले आहे,” असे दूरध्वनीवर सांगतात. शब्द तेच आहेत, जे १९५६ साली नागपूरहून आले होते. मुलांना काय उत्तर द्यावे, हे आमचे अद्याप ठरलेले नाही. आई-बाबांच्या अस्थी आम्हीही ग्वारीघाटीच नर्मदेस अर्पण केल्या आहेत, एवढे मात्र आम्ही त्यांना सांगितले आहे.

वाचकहो, या लेखाच्या निमित्ताने मंडळापुढे एक विनंती ठेवावीशी वाटते. राइट, नेपियर, रसेल यांची नावे तरी चौकांवर राहिली. आपल्या आजोबा-पणजोबांची तीही राहिलेली नाहीत. घरोघरच्या पेट्यांत जुनी पत्रे असतील, बदलीचे हुकूम असतील, एखादा मोडी कागद असेल, मंडळाच्या पहिल्या नाटकाचे छायाचित्र असेल. ते सारे एकत्र करून ग्रंथालयाच्या एका कपाटात ठेवावे, आणि त्यात आपल्या अभिमानाच्या गोष्टींबरोबर संकोचाच्या गोष्टीही असू द्याव्यात. आणखी पन्नास वर्षांनी शतक महोत्सवात एखादे पोर आपल्या बापाला आमच्यापैकी कोणाविषयी विचारील, तेव्हा त्या बापावर “होता कोणी तरी” असे म्हणण्याची वेळ येऊ नये.

सभासदत्वाचे नवे पत्रक आमच्या टेबलावर पडले आहे. ‘मूळ गाव’च्या रकान्यात यंदा आम्ही प्रथमच दोन नावे लिहिली आहेत : भंडारा, आणि जबलपूर. रकाना लहान असल्यामुळे दुसरे नाव थोडे रेघेबाहेर गेले आहे. चिटणीसांनी ते चालवून घ्यावे.